गोदाबाईची वाहून गेलेली माती

निंबोल्याच्या गोदाबाईचं वावर म्हणजे मुळात मुरमाड उतार. तळ्यातला गाळ डोक्यावरून वाहून वाहून तिने तो काळा केला होता. नवरा चिडवायचा, "ही माह्यापेक्षा ढेकळांशी जास्त बोलते." तो गेल्यावर बोलायला ढेकळंच उरली.

इंग्रजी अंमलातल्या एका भादव्यात आभाळ असं फाटलं की तिची सगळी माती एका दुपारी खालच्या शेजाऱ्याच्या, कडूच्या वावरात जाऊन बसली. वर उरला मुरूम. खाली कडूची कपाशी आडवी होऊन मातीखाली गडप झाली.

सरकारला जाग आली उन्हाळ्यात. जमीन वाचवायला तातडीची मदत जाहीर झाली आणि ती वाटायला नागपूरकडून दत्तात्रयराव नावाचे तरुण अधिकारी आले. गावाने त्यांना लगेच 'मातीसाहेब' करून टाकलं.

साहेबांनी गोदाबाईच्या वावरात काठी टोचली. ठण्ण वाजलं.

"बाई, मदत माती राखण्यासाठी आहे. तुमच्याकडे मातीच नाही, राखणार काय?"

"मंग माही माती जिथं गेली तिथं राखा की."

"ती राखणारच! यांना बांध मंजूर." काठी कडूकडे वळली. कडूने तर त्या मातीत पावसाआधीच कपाशीची धूळपेरणीसुद्धा उरकली होती.

दुसऱ्या सकाळी गोदाबाई कडूच्या वावराच्या मधोमध जाऊन बसली. फडक्यातली भाकर तिथेच सोडून खायला लागली.

"वहिनी, हे माहं वावर आहे!"

"तुहं वावर खाली आहे, कडूभाऊ. मी माह्या मातीवर बसली. तुह्या जमिनीला माहा पाय लागला असंल तर सांग."

कडू सरळ माणूस. त्याने खूप विचार केला आणि त्याला ते पटलं. मग आपली जमीन कुठून सुरू होते ते दाखवायला तो कुदळ घेऊन खणायला लागला. गाव गोळा झालं. कुणी म्हणालं अजून खाली, कुणी म्हणालं थोडं डावीकडे. शेवटी कुदळीला गेल्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाट्या लागल्या.

"सापडलं!" कडूला रडू फुटलं. "माहं वावर सापडलं!"

गोदाबाईने खड्ड्यात डोकावलं. कपाशी बोंडांसकट कुजली होती. कडूचंही साल गेलं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब घोड्यावरून आले. "हा खड्डा कशाला?"

कडू कुदळ पाठीमागे लपवू लागला. गोदाबाई पुढे झाली. "पाणी मुरायला, साहेब. तुमच्या बांधापाशी."

साहेबांचा चेहरा उजळला. असे चर खणा म्हणून ते गावोगाव घसा कोरडा करत होते, आणि इथे माणसाने न सांगता खणला होता! त्यांनी तो वावराच्या या कडेच्या धुऱ्यापासून त्या कडेच्या धुऱ्यापर्यंत वाढवायला सांगितला. "फक्त काढलेली माती काठावर ठेवू नका, परत आत जाईल. वर न्या, जिथे माती नाही तिथे."

सगळ्यांनी वर मुरमाकडे पाहिलं.

कडूने स्वतःची बैलगाडी जुंपली. गाडीमागून गाडी माती वर गेली. ती पसरून झाल्यावर साहेबांनी पुन्हा काठी टोचली. ती रुतली. "आता बाईंकडे माती आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे राखायलाही काहीतरी आहे." गोदाबाईलाही बांध मंजूर झाला.

पुढे पावसाळ्यात तिच्या वावरात जिकडेतिकडे कपाशी उगवली. कडूची धूळपेरणी मातीबरोबर वर आली होती. तिने एकही रोप उपटलं नाही, खुरपून मात्र घेतलं. बोंडं फुटली तेव्हा कडू धुऱ्यावर येऊन घुटमळू लागला.

"वहिनी, बी माहं होतं..."

"मंग ये की वेचायला. अर्धी तुही." मग तिने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "पण जाताना वाहाणा झाडून जाय."

कडूने दोन्ही वाहाणा काढून धुऱ्यावर ठेवल्या आणि अनवाणी आत आला.