पडद्यामागचा डावखुरा

सिनेमा एक असला तरी बघणारे दोनशे असले की किस्से चारशे होतात. त्यातून तो कुणालाच कळलेला नसेल, तर विचारूच नका! आमच्या मुलुंडच्या वाडीत बेसबॉलचा इंग्रजी सिनेमा दाखवला, त्यावर आम्ही अजून भांडतो.

सिनेमा आणला सावंतांनी. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, मूळचे मालवणचे. कुठल्याशा परदेशी कचेरीतून फुकट मिळाला, म्हणून न बघताच त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'क्रिकेटवरील सत्यघटना!'

मैदानाच्या मधोमध बांबूंना पांढरी चादर बांधली. गर्दी झाली की चादरीच्या दोन्ही बाजूंना बसायची आमच्याकडे पद्धत होती. मागे बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं, डाव्याचं उजवं. अक्षरंसुद्धा उलटी. पण हपिसात रोज इंग्रजी खरडणाऱ्या आम्हाला त्या सिनेमातलं इंग्रजी पुढे बसूनही कळलं नाही.

पाच मिनिटांत सावंत स्वतःच उठून ओरडले, "अरे, पण स्टंप खंय आसत?"

* * *

वाडीच्या मॅचचे कायमचे अंपायर जोशी पुढच्या बाजूला, पहिल्या रांगेत होते. पडद्यावरच्या हीरोने चेंडू टोलवला, बॅट टाकून दिली आणि पळत सुटला. जोशींनी अंधारात बोट वर केलं.

"आउट!"

"अहो, तिथे लोक टाळ्या वाजवतायत."

"वाजवू देत. बॅटच टाकली, आता क्रीजमध्ये काय टेकवणार, कपाळ?"

सिनेमा संपेपर्यंत जोशींच्या मते सगळी टीम ऑलआउट होऊन वर तिघे जास्त आउट झाले होते!

* * *

गोदूकाकूंची तक्रार वेगळी. तो हीरो दर वेळी धावत येऊन मातीत लोळण घ्यायचा. पहिल्यांदा काकू कळवळल्या, "पडला गं बाई!" पाचव्यांदा चिडल्या.

"पांढरे कपडे, आणि एवढी माती! त्याची बायको धुणं आपटताना एकदा तरी दाखवली का? आणि म्हणे सत्यघटना!"



* * *

सगळ्यात मोठा घोळ सदूभाऊंचा. आमच्या शेजारचे हे हेडक्लार्क. माणूस चांगला, पण हट्टी. त्यांची शाली चौथीत होती आणि डावखुरी. घरात ते चालायचं नाही. अभ्यासाला बसली की सदूभाऊ तिच्या डाव्या हाताला रुमाल बांधायचे. उजव्या हाताने पोरगी इतकं हळू लिहायची की प्रत्येक पेपर अर्धा कोरा! यंदा नापास होणार, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. मला सदूभाऊंचा मनापासून राग यायचा.

सिनेमाला ते उशिरा आले आणि चादरीच्या मागे बसले. खांदा मोडलेला हीरो शेवटी परत मैदानात उतरतो, चेंडू फेकतो आणि सगळं गाव त्याला डोक्यावर घेतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी सदूभाऊंनी शालीचा रुमाल कायमचा सोडला आणि कट्ट्यावर येऊन म्हणाले, "काय डावा हात होता त्याचा! आणि सत्यघटना आहे बरं का!"

"डावा?" जोशी उसळले. "अहो, उजव्या..."

"जोशानू, गप ऱ्हवा!" म्हणत सावंतांनी त्यांना धरून थेट चहाला नेलं. जोशींना बिचाऱ्यांना आपण काय चुकलो तेच कळेना. चहा मात्र दोन कप प्यायले.

शाली पास झाली. सगळे पेपर पूर्ण!

* * *

पुढच्या वर्षी सावंतांनी फुकटात पुन्हा तोच सिनेमा आणला. आम्ही सदूभाऊंसाठी मागे मुद्दाम सतरंजी घातली. पण ते शालीला घेऊन तडक पुढे गेले. "मागच्या वेळी मागून पाहिला. यंदा नीट बघतो."

आमची वाट लागली! 

हीरोने उजवा हात उचलला. शालीने बापाकडे पाहिलं आणि आपला डावा हात हळूच पाठीमागे लपवला. मला पुढे पडद्याकडे बघवेना. जोशींनी त्या दिवशी एकालाही आउट दिलं नाही.

सिनेमा संपला. सदूभाऊ उठले, धोतर झटकलं आणि शालीचा तो लपवलेला हात हातात घेतला.

"गेल्या वर्षी बघ कसा छान डाव्याने टाकत होता," ते म्हणाले. "यंदा त्याच्या बापाने रुमाल बांधलेला दिसतोय!"