फळ्यावरचं शेवटचं टिंब

प्रकल्पाच्या मार्गदर्शक शैलजा मॅडम वारल्याचा निरोप आला तेव्हा मी बिडकीनहून कॉलेजला निघालेल्या बसमध्ये होते. मांडीवरच्या डब्यात बर्फात ठेवलेली बकरीची दोन हाडं होती, आमच्या प्रकल्पातली शेवटची जोडी. मॅडम झोपेतच गेल्या होत्या... त्या दिवशी मी ती हाडं प्रयोगशाळेच्या फ्रिजरमध्ये ठेवली आणि परत आले.

हा विषय मी माझ्या भावामुळे घेतला होता. अमोल कबड्डी खेळतो. त्याचा खांदा सारखा निखळायचा आणि त्यात खोबणीची कड झिजली होती. अशा वेळी त्या कडेला हाडाचा तुकडा बसवतात. तो स्क्रूने घट्ट राहतो की जाड दोऱ्याने आणि धातूच्या छोट्या बटणाने, हे आम्ही बकरीच्या हाडांवर तसे तुकडे बसवून, मेकॅनिकल विभागाच्या यंत्रावर ते तुटेपर्यंत ओढून पाहत होतो. मॅडमची एक पद्धत होती. यंत्र सुरू होण्याआधी फळ्यावर हाडाचं चित्र काढायचं आणि कुठे तुटेल तिथे प्रत्येकाने टिंब द्यायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्याने चहा पाजायचा. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात उत्तर येत असूनही माझा हात वर व्हायचा नाही. पहिल्या दिवशी मी मागेच उभी राहिले, तर त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "बोलू नकोस. नुसतं टिंब दे."

अमोलच्या डॉक्टरांनी स्क्रू सुचवले तेव्हा आईने नकारच दिला. "जित्या हाडात खिळे ठोकायचे नाय. हातच गेला तर?" मी घरी चित्रं काढून समजावलं, पण चित्रावर तिचा विश्वास बसेना. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना इथेच घेऊन ये."

आई आली आणि चपला दाराबाहेर काढून उभी राहिली. मॅडमनी तिलाही खडू दिला.

"ताई, कुठे तुटेल?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आम्हाला तरी कुठे कळतंय? म्हणून तर ओढतोय."

आईने स्क्रूवरच टिंब दिलं, तेही चांगलं ठसठशीत. यंत्राने ओढायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच झालं नाही... मग टक्कन आवाज आला. स्क्रू होते तिथेच होते, हाड पलीकडे तुटलं होतं. आई वाकून बघत राहिली.

"चहा तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण ताई, हे बकरीचं हाड आहे, आणि कधी कधी स्क्रूपाशीही तुटतं. पोराचं डॉक्टरांना विचारा. भीती वाटते तेही त्यांनाच सांगा."

आईने खरंच डॉक्टरांना लई प्रश्न विचारले, आणि मग सही केली. ऑपरेशन झाल्यावर मॅडमनी फोनवर अमोलला सांगितलं, "हात फळ्यापर्यंत पोचला की ये. एक जोडी तुझ्यासाठी ठेवते." तेव्हा त्याचा हात झोळीत होता. झोळी सुटली, व्यायाम सुरू झाले... आणि मॅडम गेल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मी फ्रिजर उघडला नाही. यंत्र चालवता येत होतं, पण त्यांच्याशिवाय चालवावंसं वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात अमोलच म्हणाला, "ताई, हात जातोय आता वर. चल."

प्रयोगशाळेत ती शेवटची हाडं बाहेर काढून यंत्राला लावली आणि मी फळ्यावर चित्र काढलं. अमोलने खडू मुद्दाम उजव्या हातात घेतला, ऑपरेशनच्याच. हात हळूहळू वर गेला आणि टिंब पडलं.

"ताई, आता तुझं."

मॅडम आपलं टिंब नेहमी सगळ्यांच्या शेवटी द्यायच्या. दाराशी पहिल्या वर्षाची एक मुलगी केव्हाची डोकावत होती, आत यावं की नको अशी. मी तिला आत बोलावलं आणि खडू पुढे केला.

"तू दे आधी. बोलायची गरज नाही, नुसतं टिंब."

तिने दिलं. मग सगळ्यांच्या शेवटी मी माझं दिलं आणि यंत्र सुरू केलं.