दिगूमामाच्या खिशातला रिमोट

मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. आवाज तुटत होता. "अगं, दुकानात जाताना हे..." एवढंच कळलं आणि मग नुसतं रडणं... महिना होऊन गेला. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत लोक म्हणाले, "तबले फार छान दुरुस्त करायचे." बस्स? एवढंच? मला इतका राग आलाय ना, की हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही!

दिगूमामा मूळचा मिरजेचा, तंबोरे बनवणाऱ्या घरातला. शारजाला, रोल्ला भागात त्याचं वाद्यदुरुस्तीचं छोटं दुकान. तिथे एकदा मूसा आला. मूसा गांबियाचा, एका टॉवरवर सिक्युरिटीला. हातात मोडका कोरा. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर चामडं ताणलेलं, लांब दांड्याचं, ढीगभर तारांचं त्यांच्याकडचं वाद्य. मूसाला वाजवता यायचं, बनवता नाही. मामाला भोपळा कळायचा, कोरा नाही! मग काय, मूसाचा कोरे बनवणारा चुलता गावाहून व्हिडिओ कॉलवर ओरडायचा, मूसा ते मोडक्या हिंदीत सांगायचा आणि मामा हात चालवायचा. चुकलं की चुलता तिकडे कपाळ बडवून घ्यायचा. मामा हसायचा, "इनको बोलो हबीबी, मिरज में भी सब ऐसेच चिल्लाते हैं!"

तो कोरा वाजला आणि बातमी पसरली. युगांडाचे दोघं, इथिओपियाची एक नर्स, सगळे आपापली वाद्यं घेऊन रविवारी मामाच्या घरी, हॉलमध्ये. मामा कुणालाच दुरुस्त करून द्यायचा नाही, त्यांच्याकडूनच करून घ्यायचा. "मैं करके दूँगा, तो तुम्हारे गाँव में कौन करेगा?" मंडळातले पाटणकरकाका टोमणे मारायचे, "दिगू, गणपतीच्या ढोलांना वेळ नाही, आणि हे कुणाकुणाचे भोपळे कोरत बसतोस?" मामा म्हणायचा, "मग तंबोऱ्याचा भोपळा काय तुझ्या सासरहून येतो?"

एक नियम मात्र कडक. ओलं चामडं सावकाश वाळलं पाहिजे. एसीत झटकन वाळलं तर असं आवळतं, की भोपळाच चिरतो. म्हणून चामडं चढवलं की हॉलचा एसी बंद, ऑगस्टमध्येसुद्धा! कुणी गुपचूप लावेल म्हणून मामा रिमोट शर्टाच्या खिशात घालून फिरायचा. "अहो, दुकानात जाताना तरी ठेवून जा!" मामी वैतागायची. "ठेवतो, आणि तू लावतेस."

मूसाचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. तो कायमचा घरी निघाला होता, चुलत्याच्या शेजारी कारखान्यात बसायला. पण चुलत्याची अट होती, स्वतः बनवलेला कोरा दाखव, मगच बस. त्यासाठीच्या नव्या कोऱ्यावर मूसाने एकट्याने चामडं चढवलं आणि तो हॉलच्या कोपऱ्यात वाळत ठेवला. मामाने फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेला.

हॉस्पिटलने मामाचे कपडे पिशवीत घालून दिले. ती पिशवी हॉलच्या टेबलावर. मामी आत, मी तिच्याजवळ. बाहेर माणसांनी हॉल भरलेला आणि पाटणकरकाकांचा आवाज, "केवढं उकडतंय! लोक बसणार कसे? अरे, हा काय रिमोट, शर्टाच्या खिशात!" मी मामीला पाणी पाजत होते... माझ्या डोक्यात शिरलंच नाही, हो. बऱ्याच वेळाने बाहेर काहीतरी फाटकन वाजलं. "काय पडलं?" "काही नाही, तो कोपऱ्यातला भोपळा."

मी बाहेर धावले. मूसा दाराशी उभा होता, बूट हातात. तो चपलांच्या ढिगातून वाट काढत आला आणि भोपळ्यावरच्या लांब चिरेवरून बोट फिरवत राहिला. "खलास," एवढंच म्हणाला. पाटणकरकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "डोन्ट वरी, दुसरा ले लेना."

जाताना मी मूसाला म्हटलं, "ले जाओ इसको. मामाने सिखाया है ना, जोड लोगे." तो म्हणाला, "जोड लूँगा. लेकिन चाचा पूछेगा, इतनी जल्दी किसको थी? मैं क्या बोलूँ?"

कोपरा आता रिकामा आहे, वाळायला काहीही नाही. मामाचा शर्ट मामीने धुऊन खुंटीला लावलाय, रिमोट पुन्हा त्याच खिशात. परवा पाटणकरकाका आले, घाम पुसत म्हणाले, "वहिनी, जरा एसी..."

मामी शर्टाकडे बघत म्हणाली, "बिघडलाय."