पथ्याचं ताट बादलीत

वाचनालयात येणाऱ्या मंडळींनो, फळ्यावर हा कागद मीच लावलाय. फाडायचा तर वाचून फाडा.

आईला साखरेचा आजार, म्हणून दवाखान्यात तिला पथ्याचं ताट मिळतं. कोरडी चपाती आणि उकडलेला दुधी. जन्मभर मासळी विकलेल्या बाईच्या घशाखाली ते उतरत नाही. ताट रोज बादलीत जातं.

आजही साखर उतरवायची सुई टोचली आणि वर खायचं ताट बादलीत गेलं. दुपारी मी पोचले तर आई घामानं भिजून थरथरत होती. नर्सबाईंनी धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं. साखर बंद केलेल्या बाईला साखरेनंच वाचवलं!

ती सावरल्यावर मी डब्यातला भाजलेला बांगडा काढला, तर ताटं गोळा करायला आलेला दवाखान्याचा स्वयंपाकी ओरडला, "पथ्यावर हाय ती! मासळी न्हाय चालनार."

मी थेट डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, "मी भात आणि गोड बंद केलंय. मासळी कुणी बंद केली?"

कुणीच नाही! आपल्याकडे पथ्य म्हटलं की पहिली मासळी सुटते, तेवढ्यावरच स्वयंपाकघर चाललंय.

आईनं बांगड्याचा काटासुद्धा चोखला. उद्याही नेणार आहे. कोण अडवतो बघते.

तुमचं कुणी आहे तिथे? मग खाटेपाशी जाण्याआधी बादलीत डोकावा.