तलाव न्हाय, खदान

मी भूगोल शिकवते, आणि दगड दिसला की मला गप्प बसवत नाही. गाव सोडून पूनम सागर वसाहतीत राहायला येऊन आम्हाला महिना झाला होता. देवघराखाली निर्माल्याची पिशवी भरली, म्हणून बाबा आणि मी रिक्षाने काशीमिऱ्याच्या डोंगराखालच्या बागेत गेलो. बागेच्या मधोमध तलाव, पलीकडे उभा काळा कडा. मी लगेच सुरू झाले: हा बेसॉल्ट, ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर थिजून झालेला, त्या लालसर पट्ट्या म्हणजे दोन थरांमधली भाजलेली माती. बाबा कौतुकाने हं हं करत होते.

पायऱ्यांजवळ पेणकरपाड्याची एक म्हातारी शेळीसाठी पाला तोडत होती. बाबा चपला काढायला वाकले तशी ती मला म्हणाली, "बाय, यो तलाव न्हाय, खदान हाय. माझ्या घरवाल्यानं सुरुंग लावलेत इथं. बापाला सांग, पाण्यात उतरू नको."

"आजी, खदान होती तेव्हा होती," मी हसून म्हटलं. "आता तलावच म्हणायचं."

वहीतली चूक दुरुस्त करावी तसा मी तिचा शब्द दुरुस्त केला. बाबांना कमी ऐकू यायचं. त्यांना मी काहीच सांगितलं नाही.

निर्माल्य वरून भिरकावलेलं बाबांना खपत नसे. गावच्या तळ्यात ते गुडघाभर पाण्यात जाऊन हळूच सोडायचे. तळ्याला उतार असतो, पाणी पावलागणिक चढतं. इथे बांधलेल्या तीन पायऱ्या पाण्याखाली होत्या. त्या तीन ते उतरले. चौथं पाऊल टेकायला खाली काही नव्हतं.

ते ओरडलेही नाहीत. झेंडू तेवढा वर पसरत गेला. म्हातारीने पाला बांधायची दोरी फेकली, ती धरायला कोणी वर आलं नाही. मी नुसती किंचाळत होते. दुपारी अग्निशमनवाल्यांनी गळ टाकून त्यांना काढलं. पलीकडे कडा वर होता तसाच अलीकडे पायऱ्यांपुढे पाण्याखालीही सरळ उभा होता, आणि मी सकाळभर त्याच्याकडेच बोट दाखवत होते. मला माझीच किळस येते.

आई अजून चिडते. "एक पाटी लावायला काय जात होतं मेल्यांचं? निदान एका माणसाने तरी सांगायचं!"

मी पोळ्या लाटत राहते. "हो ना," म्हणते, "कोणीच सांगितलं नाही."