टेकडीची पर्वती

देवासात रस्त्याच्या या बाजूला एक राजा आणि त्या बाजूला दुसरा, असं आमचं गाव. माझे कृष्णरावकाका धाकट्या पातीच्या, म्हणजे त्यातल्या धाकट्या राजाच्या, कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा पुण्याकडे. आम्ही त्या मुलखाला 'देश' म्हणतो. खापरपणजोबा तिथून माळव्यात आले त्याला दीडशे वर्षं झाली, तरी देशातल्या चार माणसांनी मान डोलावल्याशिवाय आम्हाला आमचंच काही खरं वाटत नाही.

काकांची बायको सीता तरुणपणीच गेली. मूल व्हावं म्हणून ती रोज पहाटे देवीची टेकडी अनवाणी चढायची. काकांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. देशातल्या लोकांनी आपली सीता ओळखावी, एवढा एकच ध्यास. पुण्याचे नारायणराव लेखकांची बाडं घेऊन छापखान्यांचे उंबरे झिजवीत. काकांनी आपलं एकुलतं एक बाड त्यांच्याकडे धाडलं. तिथंच चुकलं.

आठ वर्षं पत्रं चालली. नारायणरावांचं एकच पालुपद: "इकडे देवास कोणास ठाऊक? स्थळ बदलावे." काका चिडून पत्र फाडायचे आणि मग तुकडे जुळवून पुन्हा वाचायचे. 'बाड परत करा' असं लिहायचे, पण टपालात टाकायचे नाहीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी! शेवटी 'योग्य वाटेल तसे करावे' असं कळवून बसले.

१९११ साली पुस्तक आलं. टेकडीची पर्वती झाली होती आणि सीतेची चारुलता.

सीतेची आई टोंकखुर्दहून बैलगाडीनं आली. तिला अक्षरओळख नव्हती. काका वाचू लागले, मी मागून पानं पाहत होते. पर्वती आली की ते टेकडी म्हणत, चारुलता आली की सीता. एकदाही अडखळले नाहीत.

"कृष्णराव, माझ्या सीतेचं नाव कुठं आहे? जरा बोट ठेवा बरं."

काकांनी चारुलतेखाली बोट ठेवलं. म्हातारी त्या अक्षरांवरून किती तरी वेळ हात फिरवत राहिली. मला रडू आवरेना.

"बढिया छापलंय हो. त्या नारायणरावांना लिहा, सीतेच्या आईनं आशीर्वाद सांगितलाय."

काकांनी दौत ओढली आणि तेवढीच एक ओळ लिहिली. सही केली. सहीखाली गावाचं नाव मात्र ओळीपेक्षाही मोठ्या अक्षरांत काढलं: देवास.