नामदेवकाकांची ओली माती

मंडळी, आज मी खोटं बोललो आणि पकडलाही गेलो नाही.

दोन महिन्यांपूर्वी गळाला लावायच्या रबरी गांडुळांचं पाकीट ऑनलाइन मागवलं. पाण्यात खऱ्यासारखीच वळवळतात. तेव्हापासून दर रविवारी चिलापी मासे धरायला सरळ तलावावर जातो.

आधी वाटेत नामदेवकाकांच्या गोठ्यामागे थांबावं लागायचं. माती उकरायची, गांडुळं डब्यात भरायची, मग काकांचा कोरा चहा. तासभर मोडायचा. मला त्याचाच वैताग होता.

आज परतताना काकांनी हाक मारली. "काऊन बे, गांडुळं नाही लागत आता तुले?"

"टाइमच नाही भेटत काका," मी म्हणालो. पिशवीत पाच चिलाप्या होत्या, ती पाठीमागे धरली.

त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. चहूकडे जमिनीला भेगा पडल्या होत्या, पण तेवढाच तुकडा ओला होता. "रोज बादलीभर पाणी टाकतो. माती वाळली की गांडुळं खोल जातात. तू आला अन् नाही भेटली तं?"

काकू गेल्यापासून त्या घरी माझ्याशिवाय कोणी थांबत नव्हतं.

डबाभर गांडुळं घेऊन घरी आलोय. माझ्याही घरी कोणी नाही. दर रविवारी वाचवलेल्या त्या तासाचं मी काय केलं, ते आठवत बसलोय. काहीच आठवत नाही.

तुम्हाला तुमचा वाचवलेला तास आठवतो का?